ट्रामच्या तारेपासून बसच्या बॅटरीपर्यंत

'बेस्ट'ची पहिली बस १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्चहून निघाली आणि क्रॉफर्ड मार्केटला पोहोचली. त्या बससेवेची शंभर वर्षे पूर्ण होत असताना उपक्रमाचा इतिहास पुन्हा मांडणे ओघाने आलेच. मार्गांचा, भाड्यांचा, संपांचा आणि कामगारांच्या घामाचा इतिहास म्हणून तो अनेकदा लिहिला गेला आहे. या लेखात तो एका वेगळ्या प्रश्नाला धरून सांगायचा आहे. या गाड्या कशाच्या जोरावर चालल्या, आणि चालताना त्यांनी शहराच्या हवेत काय सोडले? विजेच्या बसगाड्या आल्यापासून हा प्रश्न नवा वाटू लागला आहे. प्रत्यक्षात तो उपक्रमाच्या जन्माच्याही आधीचा आहे.

९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. एक मार्ग कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला जाई, दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीवरून पायधुणीलाच. बॉम्बे ट्रामवे कंपनीच्या या सेवेचे सुरुवातीचे भाडे तीन आणे होते, ते लवकरच उतरवावे लागले. कंपनीच्या पागेत आरंभी ९०० घोडे होते. घोड्यांची ट्राम बंद होताना ही संख्या १,३६० वर गेली होती. एक घोडा दिवसाकाठी दहा किलोहून जास्त लीद टाकतो. त्या हिशेबाने रोज दहा टनांहून अधिक लीद उपसून शहराबाहेर न्यावी लागत असणार, आणि उरलेली पावसाळ्यात रस्त्याच्या चिखलात मिसळत असणार. सार्वजनिक वाहतुकीच्या प्रदूषणाशी मुंबईची पहिली ओळख झाली ती अशी.

१९०५ मध्ये 'बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी', म्हणजेच 'बेस्ट', स्थापन झाली. नावातच वीजपुरवठा आणि ट्राम असे दोन्ही धंदे एकत्र होते, आणि हीच जोडी पुढच्या साऱ्या कहाणीचा कणा आहे. त्याच वर्षी कंपनीने वाडीबंदरला स्वतःचे वीजकेंद्र उभारले. ७ मे १९०७ च्या संध्याकाळी महापालिका कार्यालयासमोरून सजवलेली पहिली विजेची ट्राम क्रॉफर्ड मार्केटकडे निघाली. घोडे गेले, तबेले गेले, लीद गेली. धूर मात्र पुरता गेला नाही. वाडीबंदरच्या केंद्रात कोळसा जळत होता, मागणी वाढली तसे १९१२ मध्ये कसारा वीजकेंद्र त्याच्या जोडीला आले. रस्ता स्वच्छ झाला तो वीजकेंद्राच्या चिमणीच्या जिवावर. गाडी विजेची झाली म्हणजे काम संपले असे नाही, ती वीज कुठून येते हेही विचारावे लागते. 'बेस्ट'पुढे हा प्रश्न १९०७ मध्येच उभा होता.

त्याचे उत्तर सह्याद्रीतून आले. टाटांनी लोणावळ्याच्या परिसरात धरणे बांधून पावसाचे पाणी साठवले आणि ते घाटाखाली खोपोलीला सोडून १९१५ पासून वीज काढायला सुरुवात केली. ही वीज मुख्यतः गिरण्यांसाठी होती. पाठोपाठ भिवपुरीचे केंद्र सुरू झाले, पुढे भिरा. १९२६ पासून 'बेस्ट'ने स्वतः वीज निर्माण करणे थांबवले आणि टाटांकडून घाऊक वीज घ्यायला सुरुवात केली. लोणावळ्याच्या डोंगरात पडलेला पाऊस लालबाग-परळच्या ट्राममधल्या माणसाला कामावर पोहोचवू लागला. १९२५ मध्ये बोरीबंदर ते कुर्ला लोकलगाडीही विजेवर धावू लागली होती. म्हणजे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात सामान्य मुंबईकराचा रोजचा प्रवास मोठ्या प्रमाणावर विजेवर होत होता, आणि ट्रामपुरती तरी ती वीज बरीचशी पाण्याची होती. आज आपण ज्याला हरित वाहतूक म्हणतो तिच्या बऱ्याच जवळ हे शहर शंभर वर्षांपूर्वी पोहोचले होते.

नेमक्या त्याच १९२६ सालात बस आली. सुरुवातीच्या काळात ती साहेबलोकांची आणि वरच्या मध्यमवर्गाची सवारी समजली जाई. कारण साधे होते. ससून डॉक ते दादर हे अंतर ट्राम दीड आण्यात नेई, बसला त्याच अंतराचे चार आणे पडत. पहिल्या साडेपाच महिन्यांत बसने सहा लाख प्रवासी नेले, दुसऱ्या वर्षी ३८ लाख. गरीब विजेवर जात होता, ऐपतदार इंजिनाच्या गाडीत बसत होता. पण बसकडे ट्रामजवळ नसलेली एक गोष्ट होती. तिला रूळ लागत नव्हते. शहर उत्तरेकडे सरकू लागले तेव्हा हीच गोष्ट निर्णायक ठरली. १९३४ मध्ये महापालिकेच्या आग्रहावरून बससेवा शहराच्या उत्तर भागात गेली, १९३७ मध्ये दुमजली बस आली, १९४० मध्ये कुलाबा ते माहीम मर्यादित थांब्यांची सेवा सुरू झाली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, महापालिकेने कंपनी ताब्यात घेतली तेव्हा २३ मार्गांवर २४२ बसगाड्या धावत होत्या.

यानंतरची वीसेक वर्षे ट्रामच्या माघारीची आहेत. १९५३ पासून एकेक मार्ग बंद होत गेला. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली आणि तिला निरोप द्यायला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक उभे राहिले. ट्राम काढण्यामागची तेव्हाची कारणे खोटी नव्हती. ट्राम रस्त्याच्या मधोमध चालायची, थांबा आला की उतारू रहदारीतच उतरायचे, मोटारी वाढल्या तसे तिचे रूळ सगळ्यांनाच अडचणीचे वाटू लागले. नवी वस्ती होत होती ती उपनगरांत, आणि तिथे रूळ नव्हते. नवे टाकायला पैसाही नव्हता. हे सगळे मान्य करूनही म्हणावे लागते की हवेच्या दृष्टीने हा निर्णय महागात पडला. अडचण मोटारींची होती आणि रस्त्यावरून हटवली गेली ती ट्राम, एका डब्यात मोटारींच्या अख्ख्या रांगेइतकी माणसे नेणारी. जगातल्या बऱ्याच शहरांनी त्या काळात हेच केले. त्यांतल्या काहींनी पुढे कोट्यवधी खर्चून रूळ पुन्हा टाकले.

मधल्या काळातला एक प्रयोग आता फारसा कोणाच्या लक्षात नाही. ११ जून १९६२ रोजी गोवालिया टँक ते माझगाव डॉक या मार्गावर ट्रॉलीबस सुरू झाली. चाके रबरी, रूळ नाहीत, पण टपावर दोन लांब दांडे आणि ते दांडे वरच्या दोन तारांना टेकलेले. ट्रामला एक तार पुरते, कारण परतीचा विद्युतप्रवाह रुळांतून जातो. रबरी चाकांच्या गाडीला ती सोय नसल्यामुळे दोन तारा लागतात. वळणावर किंवा खड्ड्यात गाडी उसळली की दांडा तारेवरून सटकायचा, गाडी जागच्या जागी थांबायची, आणि मग मागून दोरीने ओढून तो पुन्हा तारेला लावायचा. समोर टेम्पो उभा असला तर तारांच्या आवाक्यात राहूनच त्याला वळसा घालायचा. बारा गाड्यांचा हा ताफा बिघाड आणि खर्च यांपुढे टिकला नाही. २४ मार्च १९७१ रोजी ट्रॉलीबस बंद झाली आणि उपक्रमाच्या प्रवासी सेवेतली वीज संपली. पुढची साडेचार दशके 'बेस्ट' मुंबईला वीज विकत होती आणि मुंबईकरांना तेलावर व वायूवर फिरवत होती.

डिझेलच्या त्या दशकांविषयी लिहिताना आज हात आखडतो, कारण लाल बसच्या मागे सुटलेला काळा धूर एका पिढीने पाहिलेला आहे. सिग्नलला तिच्या मागे उभे राहणाऱ्याला तो श्वासातून आत घ्यावा लागला. तरीही त्या काळातल्या उपक्रमाला न्याय द्यायचा तर एक साधा हिशेब करायला हवा. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. शहरातली बस लिटरमागे तीनेक किलोमीटर धावते असे धरले तर किलोमीटरला जवळपास ९०० ग्रॅम. बसमध्ये पन्नास माणसे असतील तर माणशी अठरा ग्रॅम. आता लिटरला पंधरा किलोमीटर देणारी पेट्रोलची मोटार घ्या. तिच्यातून किलोमीटरला सुमारे दीडशे ग्रॅम निघतात, आणि मुंबईच्या रस्त्यांवर मोटारीत बहुधा एकटाच माणूस असतो. म्हणजे धुरकट म्हणून नावे ठेवली गेलेली डिझेलची बस माणशी हिशेबात मोटारीच्या आठपट स्वच्छ होती. काजळीचा हिशेब वेगळा आहे, आणि तो बसच्या विरोधात जातो, हेही सांगितले पाहिजे. पण हवामानबदलाच्या दृष्टीने बसचे मोठे पुण्य ती माणसे किती नेते यात आहे, इंधनाचा क्रमांक त्यानंतरचा. पुढचा सगळा इतिहास याच मापाने मोजला पाहिजे असे माझे मत आहे.

त्या काळात धूर कमी ठेवण्याचे काम आगारातल्या कारागिरांच्या हातात होते, आणि त्याला कोणी पर्यावरणाचे काम म्हणत नसे. इंजेक्टर साफ नसला की डिझेलचा फवारा नीट पसरत नाही, थेंब पडतात, अर्धवट जळतात आणि नळकांड्यातून काळे ढग निघतात. पंपाची वेळ चुकली तरी तेच. एअर फिल्टर चोंदला तरी तेच. गाडी खड्ड्यावर घेऊन, खाली उभे राहून, तेलाने माखलेल्या हातांनी हे दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकच्या नावे कुठलाही हरित पुरस्कार नाही. वडाळा असो, कुर्ला असो की दादरची कार्यशाळा, या माणसांनी शहराच्या फुप्फुसांसाठी जे केले त्याची नोंद शताब्दीच्या या स्मरणिकेत तरी व्हायला हवी.

१९९० च्या दशकात मुंबईच्या हवेचा प्रश्न न्यायालयात गेला. धुराने त्रस्त नागरिकांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर १९९९ मध्ये परिवहन आयुक्त लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि तिच्या शिफारशींनंतर शहरातल्या जुन्या टॅक्सींना सीएनजीकडे वळावे लागले. सीएनजी मुंबईत येण्याची तजवीज त्याआधी झाली होती. महानगर गॅस ही कंपनी १९९५ मध्ये स्थापन झाली होती आणि अरबी समुद्रातल्या तेलक्षेत्रांतला वायू उरणमार्गे शहरापर्यंत आणता येत होता. 'बेस्ट'नेही टप्प्याटप्प्याने सीएनजी गाड्या घेतल्या, आगारांत वायू भरण्याची सोय केली. दाबाखाली भरलेल्या टाक्यांचे वजन, भरायला लागणाऱ्या रांगा, चढावर कमी पडणारी ताकद अशा चालकांच्या तक्रारी होत्या. पण गाडीमागचा काळा ढग दिसेनासा झाला, आणि बसथांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला तो फरक लगेच कळला.

सीएनजीविषयी एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहिली पाहिजे. काजळी आणि सूक्ष्म कण ती खूप कमी करते, कार्बन डायऑक्साइड थोडासाच कमी करते. शिवाय हा वायू म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि तो न जळता गळाला तर तापमानवाढीला कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पटीने हातभार लावतो. याच काळात डिझेलही सुधारत गेले. भारत स्टेज तीनमध्ये गंधकाची मर्यादा दहा लाख भागांत ३५० भाग होती. स्टेज चारमध्ये ती ५० झाली, आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या स्टेज सहामध्ये १०. गंधक कमी झाल्याशिवाय धूर गाळणारी आधुनिक यंत्रणा गाडीत बसवताच येत नाही. म्हणून एकविसाव्या शतकाच्या पहिल्या वीस वर्षांत मुंबईच्या बसमागचा धूर जो ओसरला, त्यात न्यायालय, तेल शुद्धीकरण कारखाने आणि वायुवाहिन्या यांचा वाटा उपक्रमाइतकाच आहे.

धूर ओसरत होता, आणि त्याच वेळी प्रवासीही ओसरू लागले. २०१० च्या सुमारास 'बेस्ट'कडे साडेचार हजारांहून अधिक गाड्या होत्या आणि रोज चाळीस लाखांहून अधिक माणसे त्यांतून जात. पुढच्या आठ-नऊ वर्षांत हा आकडा निम्म्याच्याही खाली आला. कारणे अनेक. शेअर रिक्षा, दुचाकींचा सुकाळ, मेट्रोच्या कामांनी अडलेले रस्ते, वाढवलेली भाडी. पण मुळाशी एक आर्थिक कारण होते. वीजपुरवठ्यातल्या नफ्यातून बससेवेची तूट भरून काढायची ही उपक्रमाची जुनी रीत होती. वीज कायदा २००३ आल्यानंतर वीजग्राहकाच्या बिलातून बसचा तोटा भरणे कठीण होत गेले आणि शेवटी ती सोय बंद झाली. १९०५ मध्ये एका नावात बांधलेले दोन धंदे कागदोपत्री एकत्र राहिले, तिजोरीतून मात्र वेगळे झाले. पैसा आटला की नव्या गाड्या थांबतात, जुन्या मोडीत निघतात, फेऱ्या कमी होतात. अर्धा तास थांब्यावर ताटकळलेला माणूस दुसऱ्या दिवशी दुचाकीचा हप्ता किती पडेल याची चौकशी करतो. ज्या वर्षांत उपक्रमाच्या गाड्या सर्वांत स्वच्छ होत होत्या, त्याच वर्षांत उपक्रम सोडून गेलेली माणसे रस्त्यावर दुचाकी आणि मोटारी आणत होती. शहराच्या हवेच्या खतावणीत या दोन नोंदी शेजारी शेजारी लिहाव्या लागतात.

नोव्हेंबर २०१७ मध्ये वडाळा आगारातून पहिल्या चार विजेच्या बसगाड्या सेवेत आल्या. एकूण सहा गाड्यांच्या छोट्याशा ताफ्याची ती सुरुवात होती. ट्रॉलीबस बंद झाल्यानंतर सेहेचाळीस वर्षांनी 'बेस्ट'चा प्रवासी पुन्हा विजेवर बसला, आणि या वेळी वर तार नव्हती. २०१९ मध्ये केंद्र सरकारच्या विजेच्या वाहनांसाठीच्या 'फेम' योजनेचा दुसरा टप्पा आला. तिच्या अनुदानातून ३४० गाड्यांचे कंत्राट झाले आणि डिसेंबर २०२० मध्ये त्यांतल्या पहिल्या २६ गाड्या रस्त्यावर आल्या. पुढे २,१०० गाड्यांचे मोठे कंत्राट झाले. १८ ऑगस्ट २०२२ रोजी वातानुकूलित दुमजली विजेची बस लोकांसमोर आली, आणि २१ फेब्रुवारी २०२३ पासून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते एनसीपीए या मार्गावर ती धावू लागली. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला जुन्या लाल डबलडेकरने अंधेरी-सीप्झ मार्गावर शेवटची फेरी केली. हारफुले घातलेल्या त्या गाडीभोवती तरुण मुले कॅमेरे घेऊन गर्दी करून होती. सार्वजनिक बसवर इतके प्रेम करणारी शहरे थोडी असतील.

विजेच्या बसने आगाराचे रूप पालटले. पूर्वी रात्रीच्या आगारात डिझेलचा वास, इंजिने तापवण्याची घरघर आणि पाण्याच्या पाइपखाली धुतल्या जाणाऱ्या गाड्या असत. आता बॅकबे, वरळी, मालवणी, शिवाजीनगर अशा आगारांत चार्जरच्या रांगा आहेत. शेवटची फेरी संपवून गाडी आत आली की तिला नेमून दिलेल्या जागी लावायची, मनगटाएवढ्या जाड केबलची बंदूक बाजूच्या झाकणात खुपसायची, खटका बसला की पडद्यावर टक्के चढू लागतात. तिथे आता आवाज येतो तो चार्जरच्या पंख्यांचा. इंधनाचा काटा जाऊन टक्केवारी आल्यामुळे चालकाच्या मनाचा हिशेबही बदलला. वीस टक्क्यांवर आलेल्या गाडीची अजून एक फेरी करायची की परत यायचे, वाहतूक कोंडीत वातानुकूलन चालू ठेवून किती अंतर उरेल, ब्रेक हलका दाबत गेले तर उतारावर किती वीज परत बॅटरीत जाते, हे नवे शहाणपण आहे आणि ते अनुभवानेच येते. आगाराच्या व्यवस्थापकालाही डिझेलच्या टँकरची वाट पाहायची नसते. त्याला चिंता असते ती आपल्या जागेत किती किलोवॅटची जोडणी मिळते आणि एका वेळी किती गाड्या लावता येतात याची.

या गाड्यांनी उत्सर्जन किती कमी झाले? नळकांडेच नसल्यामुळे रस्त्यावरचा धूर शून्य, आणि दादर टीटी किंवा सायन सर्कलला दिवसभर उभ्या राहणाऱ्या फेरीवाल्यासाठी, वाहतूक पोलिसासाठी हा लाभ अमोल आहे. कार्बनचा हिशेब मात्र इतका सरळ नाही. शहरातल्या मोठ्या वातानुकूलित विजेच्या बसला किलोमीटरमागे साधारण एक ते सव्वा युनिट वीज लागते. देशाच्या वीजजाळ्यातून येणाऱ्या एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो, कारण आपली बरीचशी वीज अजून कोळशाची आहे. गुणाकार केला तर उत्तर ७०० ते ९०० ग्रॅम येते. डिझेल बसच्या ९०० ग्रॅमशी हे ताडून पाहा. फायदा आहे, पण जाहिरातीत दिसतो तेवढा नाही. तो मोठा व्हायचा असेल तर वीज बदलावी लागेल. आणि इथे 'बेस्ट'ला देशातल्या जवळपास कोणत्याही परिवहन संस्थेकडे नसलेली संधी आहे. कुलाब्यापासून माहीम आणि शीवपर्यंतच्या मुंबईला वीज पुरवणारी संस्था तीच आहे. कोणती वीज विकत घ्यायची, सूर्याची, वाऱ्याची की कोळशाची, या करारांवर तिचीच सही असते. बस रात्री चार्ज होते आणि सूर्याची वीज दिवसा मिळते, हा पेच खरा आहे. तो सोडवायला दुपारच्या सुस्त वेळेत फेऱ्यांमध्ये चार्ज करणे, वाऱ्याची आणि पाण्याची वीज रात्रीसाठी राखणे असे मार्ग आहेत. एकाच संस्थेच्या दोन खात्यांनी एका टेबलाशी बसून हे ठरवायचे आहे. ट्रामला लोणावळ्याचे पाणी मिळाले ते वीज आणि वाहतूक एकाच छताखाली होती म्हणून.

आता या प्रगतीच्या दुसऱ्या बाजूकडे वळायला हवे, कारण तिला वगळून लिहिलेला इतिहास स्मरणिकेत शोभेल पण खरा ठरणार नाही. विजेच्या जवळपास सगळ्या गाड्या भाडेतत्त्वावरच्या आहेत. गाडी आणि चालक कंत्राटदाराचा, तिकीट आणि मार्ग 'बेस्ट'चा, आणि कंत्राटदाराला पैसे किलोमीटरवर. रोख पैसा नसलेल्या उपक्रमाला शेकडो महागड्या गाड्या एकदम मिळवायला दुसरी वाट नव्हती, हे खरे. पण या पद्धतीत दुरुस्ती, प्रशिक्षण आणि कामगारांचे पगार उपक्रमाच्या हाताबाहेर जातात. फेब्रुवारी २०२३ मध्ये आगीच्या घटनांमुळे भाड्याच्या ४०० सीएनजी गाड्या रस्त्यावरून काढून घ्याव्या लागल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कंत्राटी चालकांच्या संपाने प्रवाशांचे हाल झाले. ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ल्यात भाड्याची विजेची बस गर्दीत घुसली आणि निरपराध माणसांचा बळी गेला. गिअरच्या गाडीवर वर्षे काढलेल्या चालकाला विजेच्या गाडीवर बसवण्याआधी किती दिवस शिकवायचे, हा प्रश्न त्या रात्रीनंतर ऐरणीवर आला. विजेची मोटर पेडल दाबताक्षणी पूर्ण ताकद देते. डिझेलच्या गाडीवर बसलेली पायाची सवय तिथे धोक्याची ठरते. कधी काळी 'बेस्ट'चा चालक घडवायची रीत इतकी काटेकोर होती की शहरात तिचा दाखला दिला जाई. ती रीत कंत्राटदारांच्या चालकांनाही सक्तीची केली पाहिजे.

आणि गाड्यांची संख्या. २०१९ मध्ये ३,३३७ स्वमालकीच्या गाड्या राखण्याचे कामगार संघटनेशी करारात ठरले होते. २०२५ पर्यंत स्वमालकीच्या गाड्या काही शेकड्यांवर आल्या. भाड्याच्या नव्या गाड्या त्या वेगाने आल्या नाहीत, आणि एकूण ताफा तीन हजारांच्याही खाली गेला. ताफ्यातला विजेच्या गाड्यांचा टक्का वाढतो आहे याचे कौतुक होते. पण जुन्या गाड्या भंगारात गेल्यानेही टक्का वाढतो. खरी प्रगती मोजायची तर रोज किती माणसे बसने गेली हे पाहावे. याचा पुरावा उपक्रमाच्याच दप्तरात आहे. ९ जुलै २०१९ रोजी किमान भाडे आठ रुपयांवरून पाच रुपये केले, आणि काही महिन्यांतच रोजचे प्रवासी सतरा-अठरा लाखांवरून तीस लाखांच्या घरात गेले. त्यासाठी एकही नवी बॅटरी लागली नव्हती. भाड्याच्या त्या एका फलकाने मुंबईच्या हवेसाठी जे केले ते तेव्हाच्या मूठभर विजेच्या गाड्यांना शक्य नव्हते. मे २०२५ मध्ये तेच किमान भाडे दहा रुपये झाले. तूट भरायची आहे हे समजते, पण ती बसप्रवाशाच्या खिशातून भरली की प्रवासी दुचाकीकडे वळतो आणि त्याची किंमत सगळे शहर श्वासातून मोजते.

मार्च २०२२ मध्ये जाहीर झालेल्या मुंबई वातावरण कृती आराखड्याने २०५० पर्यंत शहराचे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणायचे ठरवले आहे. शहराच्या उत्सर्जनातला सुमारे एक पंचमांश वाटा वाहतुकीचा, असे तोच आराखडा सांगतो. मेट्रो या कामी मोठा भार उचलेल. पण मेट्रोच्या स्थानकापासून घरापर्यंतचा शेवटचा दीड-दोन किलोमीटर कोणीतरी पार करून द्यावा लागतो, आणि तिथे बस नसेल तर माणूस रिक्षा किंवा दुचाकी घेतो. बसला रस्त्यावर स्वतःची जागाही हवी. वांद्रे-कुर्ला संकुलात २०१६ मध्ये स्वतंत्र बसमार्गिका आखल्या होत्या, त्या टिकू दिल्या गेल्या नाहीत. कोंडीत अडकलेली विजेची बस धूर सोडत नाही हे खरे, पण ती प्रवासी गमावते, आणि त्या प्रवाशांच्या मोटारी धूर सोडतात.

केंद्रीय नगरविकास मंत्रालयाच्या मापदंडाप्रमाणे शहराला हजार लोकसंख्येमागे ०.६ बस असावी. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती. म्हणजे त्या जुन्या आकड्यावरही सुमारे ७,४०० बसगाड्या हव्यात. आज रस्त्यावर आहेत त्या याच्या निम्म्याही नाहीत. शताब्दीच्या वर्षात महापालिकेने आणि राज्य सरकारने 'बेस्ट'ची तूट हा खर्च न मानता शहराच्या हवेसाठीची तरतूद म्हणून आपल्या अर्थसंकल्पात घ्यावी, दरवर्षी किती गाड्या वाढवणार हे आकड्यानिशी सांगावे, आणि वीजखात्याने बससाठी वेगळा हरित वीजकरार करावा. नागरिकांनीही आपल्या नगरसेवकाला पूल आणि पार्किंगआधी एक प्रश्न विचारावा, आमच्या थांब्यावर बस किती मिनिटांनी येते?